कॉपीच्या पलीकडे : महाविद्यालयीन प्रामाणिकपणाच्या नियमांचा आढावा

जून-जुलैत महाराष्ट्रातल्या महाविद्यालयात प्रवेश घेणारा विद्यार्थी फीची पावती हातात पडण्याआधी बऱ्याच कागदांवर सह्या करतो. रॅगिंग करणार नाही, याचं त्याचं हमीपत्र. त्याच मजकुराचं पालकांचं हमीपत्र. हजेरी ७५ टक्के भरली नाही तर परीक्षेला बसू दिलं जाणार नाही, हे ठाऊक असल्याची कबुली. आणि माहितीपुस्तिकेतले सगळे नियम वाचले व मान्य केले, या ओळीखालची सही. ओळखपत्र, मोबाइल, आवारातली गाडी, ग्रंथालयाचा दंड हे सगळं त्या पुस्तिकेत असतं. परीक्षेतल्या गैरप्रकारावर कडक कारवाई होईल, हे ठळक अक्षरांत छापलेलं असतं. पण दुसऱ्याचं लेखन आपल्या प्रकल्पात घ्यायचं तर कसं घ्यावं, मित्रांनी मिळून गृहपाठ करणं कुठपर्यंत चालतं, प्रयोगाचं उत्तर चुकलं तर जर्नलमध्ये काय लिहावं, याबद्दल त्यात बहुधा एक ओळही नसते.

विद्यार्थ्यांच्या वर्तनाचे आणि शैक्षणिक प्रामाणिकपणाचे नियम आपल्याकडे कसे घडले, आज त्यांची अवस्था काय आहे आणि ते कुठे तोकडे पडतात, याचा हा आढावा आहे. लेखाचा निष्कर्ष सुरुवातीलाच सांगून ठेवलेला बरा. आपल्याकडे पकडण्याचे नियम भरपूर आहेत आणि शिकवण्याचे जवळजवळ नाहीत. शिवाय महाविद्यालय स्वतःच विद्यार्थ्याकडून खोटं लिहून घेत असेल, तर पकडण्याच्या नियमांनाही नैतिक बळ उरत नाही.

वर्तनाचे नियम : जिथे कार्यपद्धती आहे, तिथे जीव आहे

वर्तनाच्या नियमांत सर्वांत ठोस भाग रॅगिंगचा. महाराष्ट्राने १९९९ सालीच स्वतंत्र रॅगिंगबंदी कायदा केला. त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड आहे. दोषी ठरलेल्या विद्यार्थ्याला महाविद्यालयातून काढून टाकलं जातं आणि पुढची पाच वर्षं त्याला दुसऱ्या संस्थेतही प्रवेश मिळत नाही. या कायद्यातली खरी महत्त्वाची तरतूद मात्र संस्थाप्रमुखांसाठी आहे. तक्रार आल्यापासून सात दिवसांत त्यांनी चौकशी करायची, प्रथमदर्शनी तथ्य आढळलं तर विद्यार्थ्याला निलंबित करून तक्रार पोलिसांकडे पाठवायची. जो प्रमुख हे टाळेल, त्याने गुन्ह्याला साथ दिली असं मानलं जातं.

देशपातळीवर रॅगिंगबाबत नेमलेल्या राघवन समितीने २००७ मध्ये अहवाल दिला. मार्च २००९ मध्ये हिमाचल प्रदेशातल्या टांडा इथल्या वैद्यकीय महाविद्यालयात अमन काचरू या विद्यार्थ्याचा रॅगिंगमुळे मृत्यू झाला आणि त्याच वर्षी जूनमध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने रॅगिंगविरोधी नियमावली काढली. प्रवेशाच्या वेळची हमीपत्रं, प्रत्येक संस्थेतली समिती व पथक आणि १८००-१८०-५५२२ ही चोवीस तासांची हेल्पलाइन त्यातूनच आली. तरीही मे २०१९ मध्ये मुंबईत डॉ. पायल तडवी या आदिवासी समाजातल्या निवासी डॉक्टरने वरिष्ठांच्या छळाला कंटाळून जीव दिल्याचा आरोप झाला, ॲट्रॉसिटी कायद्यासोबत रॅगिंगबंदी कायद्याखाली गुन्हा नोंदवला गेला, आणि त्यांच्या आई आबेदा तडवी यांना हैदराबादमध्ये जीव दिलेल्या रोहित वेमुला या विद्यार्थ्याच्या आईसह सर्वोच्च न्यायालयाचं दार ठोठावावं लागलं. नियम कागदावर असणं आणि वसतिगृहात, वॉर्डात पोहोचणं यांतलं अंतर किती जीवघेणं असतं, ते या प्रकरणाने दाखवलं.

लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी आयोगाची २०१५ ची नियमावली आहे आणि प्रत्येक संस्थेत अंतर्गत समिती बंधनकारक आहे. तक्रार निवारणाच्या २०२३ च्या नियमांनी विद्यापीठात लोकपाल नेमायला लावला. या साऱ्यांत एक गोष्ट समान आहे : तक्रार कुणाकडे करायची, किती दिवसांत निर्णय द्यायचा आणि चुकलं तर जबाबदार कोण, हे लिहिलेलं आहे.

याउलट माहितीपुस्तिकेतला 'शिस्त' या मथळ्याखालचा भाग. 'महाविद्यालयाच्या प्रतिष्ठेला बाधा येईल असे वर्तन' ही त्यातली नेहमीची ओळ. अशा वर्तनात काय मोडतं, ठरवणार कोण, त्यावर अपील कुठे करायचं, काहीच नाही. असे सैल नियम कधी वापरलेच जात नाहीत, कधी नको तिथे वापरले जातात. चेंबूरच्या एका महाविद्यालयाने २०२४ मध्ये काढलेल्या पोशाखाच्या परिपत्रकात मुंबई उच्च न्यायालयाने हस्तक्षेप केला नाही, पण ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यातल्या हिजाब, टोपी, बॅजवरच्या बंदीला अंतरिम स्थगिती दिली. आवारातला नियम संविधानाच्या बाहेर नसतो, हे प्रत्येक प्राचार्यांनी नियम लिहितानाच लक्षात घ्यायला हवं.

परीक्षेचा हॉल : जुना आणि सर्वांत बारकाईने लिहिलेला नियम

मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झालं ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. सुरुवातीला त्याचं काम शिकवण्याचं नव्हतंच. परीक्षा घ्यायची आणि पदवी द्यायची, एवढंच. या जन्मखुणेचा परिणाम आजवर टिकून आहे. आपल्याकडे शैक्षणिक प्रामाणिकपणा म्हटलं की नजर परीक्षेच्या तीन तासांवरच जाते.

महाराष्ट्रात विद्यापीठ, मंडळ आणि इतर विनिर्दिष्ट परीक्षांतल्या गैरप्रकारांना आळा घालणारा कायदा १९८२ चा आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा, २०१६ नुसार गैरप्रकारांच्या चौकशीसाठी परीक्षा व मूल्यमापन मंडळाने जास्तीत जास्त पाच जणांची समिती नेमायची असते. विद्यार्थ्यांबरोबर प्रश्नपत्रिका काढणारे, तपासणारे आणि परीक्षेशी संबंधित इतर मंडळीही तिच्या कक्षेत येतात. जून २०२४ मध्ये लागू झालेला केंद्राचा सार्वजनिक परीक्षांचा कायदा वेगळा. तो संघटित पेपरफुटीवर रोख धरतो, परीक्षार्थींना शिक्षा करत नाही आणि महाविद्यालयाच्या सत्रपरीक्षेला लागू होत नाही.

प्रत्यक्षात महाविद्यालयात चालतो तो विद्यापीठाचा ऑर्डिनन्स. मुंबई विद्यापीठाचा ऑर्डिनन्स ५०५० वाचताना त्यातला तपशील लक्षात राहतो. कॉपीचं साहित्य नुसतं जवळ सापडलं तर ती पूर्ण परीक्षा रद्द. त्यातून प्रत्यक्ष उतरवलेलं आढळलं तर पुढच्या आणखी एका परीक्षेला बंदी. तळहातावर, अंगावर, कपड्यांवर लिहिलेलं आढळलं तर त्याची वेगळी नोंद. दुसऱ्याच्या नावावर परीक्षेला बसणाऱ्याला पुढच्या पाच परीक्षांना बंदी. उत्तरपत्रिकेत नोटा ठेवल्या तर परीक्षा रद्द आणि ते पैसे कुलगुरू निधीत जमा, इथपर्यंत हा तक्ता जातो. ज्यांनी तो लिहिला, त्यांनी अनेक वर्षांची प्रकरणं समोर ठेवूनच लिहिला असणार.

आता हॉलमध्ये काय घडतं ते जवळून पाहू. पेपर सुरू होऊन तास झालाय. ज्युनिअर सुपरवायझरला एका मुलाच्या पॅडखाली मायक्रो झेरॉक्स दिसते : गाइडची चार पानं तळहाताएवढ्या कागदावर आलेली. तो सीनियर सुपरवायझरला बोलावतो. कागद आणि उत्तरपत्रिका ताब्यात घेतली जाते, कुठे काय सापडलं ते लिहिलं जातं, सुपरवायझरचा अहवाल होतो आणि विद्यार्थ्याचा लेखी जबाब घेतला जातो. त्याने जबाब द्यायला नकार दिला तर नकाराची नोंद होते. त्यानंतर त्याला नवी उत्तरपत्रिका मिळते, तिच्यावर 'डुप्लिकेट' अशी खूण असते, आणि तो उरलेला पेपर लिहितो. निकाल राखून ठेवला जातो. पुढे समितीसमोर सुनावणी होते.

ही शेवटची पायरी फार मोलाची आहे. पकडलेला मुलगा त्या क्षणी आरोपी असतो, दोषी ठरलेला नसतो. परीक्षा समितीचं काम न्यायनिवाड्यासारखं आहे, म्हणून विद्यार्थ्याची बाजू ऐकल्याशिवाय त्याचा निकाल रद्द करता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने घनश्याम दास गुप्ता प्रकरणात १९६२ मध्येच सांगितलं. मात्र संपूर्ण केंद्रावर सामूहिक कॉपी झाली असेल तर प्रत्येकाची वेगळी सुनावणी न घेता त्या केंद्राची परीक्षा रद्द करता येते, हे बिहारच्या प्रकरणात १९७० मध्ये ठरलं. व्यवहारात हे तारतम्य सुटतं. वर्गात सगळ्यांसमोर ओरडणं, पालकांना तिथल्या तिथे फोन, 'आता तुझं करिअर संपलं' हे शब्द यांतलं काहीही ऑर्डिनन्समध्ये लिहिलेलं नाही. पकडल्या गेलेल्या मुलामुलींनी त्या धक्क्यात टोकाचं पाऊल उचलल्याच्या बातम्या आपण वाचतो. म्हणून सीनियर सुपरवायझरने आवाज न चढवता कागद भरून घेणं आणि विद्यार्थी घरी कसा जाणार, याची चौकशी करणं हाही नियमाचाच भाग असायला हवा.

भरारी पथकं, बैठी पथकं, कॅमेरे यांचा उपयोग आहे. २०१० च्या सुमारास नांदेडचे तत्कालीन जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांनी बोर्डाच्या परीक्षेत कॉपीमुक्तीची मोहीम राबवली, तेव्हा निकाल आपटला आणि आधीचे आकडे किती पोकळ होते ते सगळ्या राज्याला कळलं. पण पथक परत गेल्यावर जे टिकतं, तीच खरी सुधारणा. ती परीक्षेच्या हॉलमध्ये घडत नाही, वर्षभराच्या कामात घडते.

जर्नल, हजेरी, सबमिशन : जिथे खोटेपणाचा सराव होतो

परीक्षेत एक चिठ्ठी सापडली तर पाच जणांची समिती बसते. वर्षभर वर्गात आणि प्रयोगशाळेत जे खोटं लिहिलं जातं, त्यासाठी समिती सोडाच, नियमही नाही.

विज्ञान शाखेचं जर्नल घ्या. प्रात्यक्षिक परीक्षेला बसायचं तर सर्टिफाइड जर्नल लागतं. सत्राच्या शेवटच्या आठवड्यात होस्टेलच्या खोलीत सीनियरचं जर्नल मध्ये ठेवून चार जण उतरवत बसलेले असतात. लंबकाचा प्रयोग केलेला असतो, पण गुरुत्वत्वरण ९.३ आलेलं असतं. पुस्तकात ९.८ आहे. मग कालावधीची रीडिंग उलटी काढली जातात : उत्तर ९.८ धरायचं आणि त्याला साजेसे सेकंद तक्त्यात भरायचे. रसायनशास्त्रात टायट्रेशनच्या तीन ब्युरेट रीडिंगपैकी दोन जुळली नाहीत तर पेनाने जुळवायची : १०.२, १०.२, १०.२. ज्या मुलीने खरोखर १०.२, १०.४, १०.३ असं लिहिलं, तिच्या जर्नलवर लाल पेनाने 'रिपीट' येतं. तिने नेमकं काय चुकीचं केलं? तिने पाहिलं ते लिहिलं. विज्ञानाचा पहिला नियम तिने पाळला आणि तिलाच दुरुस्ती सांगितली गेली.

यात मुलांपेक्षा मोठा दोष रचनेचा आहे. अभ्यासक्रमात प्रयोग भरपूर, बॅच मोठी, उपकरणं मोजकी, काही बिघडलेली. प्रयोगशाळा सहायकाचं पद रिक्त. शिक्षक तासिका तत्त्वावरचा, म्हणजे तासाप्रमाणे मानधन घेणारा आणि दुपारी दुसऱ्या महाविद्यालयात पोहोचायची घाई असणारा. अशा परिस्थितीत सगळे प्रयोग झाल्याची सही करणं हे शिक्षकाचं खोटं आणि सगळी रीडिंग भरणं हे विद्यार्थ्याचं खोटं. दोघंही एकमेकांचं खोटं ओळखून असतात. १८ वर्षांच्या मुलाला यातून जो धडा मिळतो, तो नंतरच्या कोणत्याही नीतिमत्तेच्या तासिकेने पुसला जात नाही.

हजेरीचंही तेच. प्रॉक्सी लावणं ही मुलांची लबाडी म्हणून आपण बोलतो. पण डिफॉल्टर लिस्ट लागल्यावर वैद्यकीय प्रमाणपत्रांची रांग लागते आणि ती न पाहता स्वीकारली जातात, कारण वर्गात मुलं नाहीत हे वर कळवणं महाविद्यालयाला परवडत नाही. अंतर्गत गुणांचंही तेच. नव्या शैक्षणिक धोरणाखाली अनेक विद्यापीठांत शंभरांतले ४० गुण महाविद्यालयाच्या हाती आले आहेत. ते निरंतर मूल्यमापनासाठी आहेत. सबमिशनच्या दिवशी सरसकट ३५-३६ देऊन टाकले, तर ज्याने स्वतः काम केलं त्याच्यावर अन्याय होतो आणि ज्याने उतरवलं त्याला उत्तेजन मिळतं.

आणखी एक गोष्ट आपण सहसा बोलून दाखवत नाही. शाळेपासून बारावीपर्यंत आपला विद्यार्थी पुस्तकातलं वाक्य जसंच्या तसं लिहिलं की पूर्ण गुण मिळतात, हे शिकत आलेला असतो. गाइड, '२१ अपेक्षित', क्लासच्या नोट्स या सगळ्यांचा पाया तोच. पदवीच्या दुसऱ्या वर्षी त्याला अचानक सांगायचं की दुसऱ्याचं वाक्य जसंच्या तसं लिहिणं ही चोरी आहे, आणि मधल्या काळात स्वतःच्या शब्दांत मांडायचं कसं ते एकदाही शिकवायचं नाही, हे न्यायाचं नाही.

उसनं लेखन : २०१८ ची नियमावली आणि तिच्या सीमा

वाङ्मयचौर्याविषयी देशात पहिली सविस्तर नियमावली विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै २०१८ मध्ये काढली. तिच्यात टप्पे आहेत. साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाही. १० ते ४० टक्के असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यायचं. ४० ते ६० टक्के असेल तर वर्षभर सुधारित प्रबंध सादर करता येत नाही. त्यापुढे नोंदणीच रद्द. शिक्षकांसाठी वार्षिक वेतनवाढ रोखणं आणि ठरावीक वर्षं मार्गदर्शक म्हणून काम करायला बंदी अशा शिक्षा आहेत. सलग १४ शब्दांपर्यंतचं सर्वसाधारण साम्य मोजलं जात नाही. विभाग आणि संस्था अशा दोन पातळ्यांवर समित्या नेमायच्या आहेत. २०१९ पासून गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राने 'शोधशुद्धी' योजनेत विद्यापीठांना साम्य तपासण्याचं सॉफ्टवेअर पुरवलं.

ही नियमावली पुढचं पाऊल होती, यात शंका नाही. पण तिच्या तीन मर्यादा महाविद्यालयीन विद्यार्थ्याच्या दृष्टीने निर्णायक आहेत.

पहिली मर्यादा व्याप्तीची. पदव्युत्तर आणि संशोधन पदव्यांसाठीचं लेखन व प्रकाशनं तिच्यात येतात. गृहपाठ, सत्रनिबंध, प्रकल्प अहवाल, उत्तरपत्रिका तिने स्पष्टपणे वगळल्या आहेत. म्हणजे बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी., अभियांत्रिकी करणाऱ्या बहुसंख्य विद्यार्थ्यांच्या रोजच्या कामाला राष्ट्रीय पातळीवर नियमच नाही. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाचे प्रकल्प तयार करून विकणारी दुकानं शहराशहरांत पाट्या लावून चालतात, ती याच मोकळ्या जागेत.

दुसरी मर्यादा टक्केवारीची. सॉफ्टवेअर शब्द जुळवतं, कल्पनांची उचल ओळखत नाही. इंग्रजी पुस्तकाचं प्रकरण मराठीत आणून स्वतःच्या नावावर घातलं तर शब्दच जुळत नाहीत, त्यामुळे अहवाल निर्मळ येतो. उलट संदर्भ नीट देऊन उतारे घेणाऱ्या प्रामाणिक विद्यार्थ्याचा आकडा चढू शकतो. मराठी, इतिहास, समाजशास्त्र या विषयांत ही अडचण रोजची आहे. आकडा हा चौकशीचा आरंभ असायला हवा. आपल्याकडे तो निकाल होऊन बसला आहे. दहा टक्क्यांच्या आत आणून देतो, अशा जाहिराती त्यामुळेच निघाल्या.

तिसरी मर्यादा भाषेची. हे सगळे नियम, ऑर्डिनन्स, हमीपत्रं प्रामुख्याने इंग्रजीत असतात. नंदुरबार किंवा गडचिरोलीतून मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी ज्यावर सही करतो, ते त्याने वाचलेलं असण्याची शक्यता कमी. न समजलेल्या नियमाचं पालन कसं होणार?

शिक्षक आणि संस्था : नियम वरही लागू व्हायला हवेत

महाराष्ट्राला याचा जुना आणि कडू अनुभव आहे. १९८६ साली मुंबई विद्यापीठाच्या एम.डी. परीक्षेतल्या गुणांच्या फेरफाराच्या प्रकरणात उच्च न्यायालयाने ताशेरे ओढले आणि मुख्यमंत्री शिवाजीराव पाटील निलंगेकर यांना पद सोडावं लागलं. २०१६ मध्ये त्याच विद्यापीठातून अभियांत्रिकीच्या उत्तरपत्रिका बाहेर काढून विद्यार्थ्यांना पुन्हा लिहायला दिल्या जात असल्याचं पोलिसांनी उघड केलं आणि कर्मचाऱ्यांना अटक झाली. २०१७ मध्ये पुरेशा तयारीविना आणलेल्या ऑनस्क्रीन तपासणीने निकाल महिनोन्‌महिने रखडले आणि कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आलं. विद्यार्थ्याने वेळेत आणि प्रामाणिकपणे परीक्षा द्यावी, ही अपेक्षा करणाऱ्या संस्थेवरही तेच बंधन आहे.

संशोधनातही तेच घडलं. २०१० नंतर शिक्षकांच्या बढतीसाठी निबंधांचे गुण मोजले जाऊ लागले आणि पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचा सुळसुळाट झाला. पुण्याचे भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयोगाच्या मान्यताप्राप्त यादीतल्या, विद्यापीठांनी सुचवलेल्या १,००९ नियतकालिकांची तपासणी केली आणि त्यांतली ८८ टक्के निकषांत बसत नाहीत, असा निष्कर्ष २०१८ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये मांडला. त्यानंतर आयोगाने हजारो नावं यादीतून काढली, पुणे विद्यापीठाच्या साहाय्याने 'केअर' यादी सुरू झाली आणि २०२५ मध्ये तीही बंद करून जबाबदारी पुन्हा संस्थांवर सोपवण्यात आली. ज्या शिक्षकाचा स्वतःचा निबंध पैसे भरून छापलेला आहे, तो विद्यार्थ्याच्या प्रकल्पाबद्दल कोणत्या तोंडाने बोलणार? आणि ज्यांनी या दबावातही सचोटीने काम केलं, अशा असंख्य शिक्षकांची बढती मागे पडली, ही या व्यवस्थेची खरी किंमत आहे.

पारदर्शकतेच्या बाजूने एक मोठी गोष्ट घडली. ऑगस्ट २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माहिती अधिकाराखाली विद्यार्थ्याला स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क मान्य केला. प्रामाणिकपणा एकतर्फी नसतो, हे तत्त्व त्या निकालाने कायद्यात आणलं.

यंत्राने लिहिलेलं

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं आणि दोन सत्रांतच गृहपाठाचा अर्थ बदलला. आता उतरवायला सीनियरची वही लागत नाही. प्रश्न टाकला की निबंध तयार होतो, तो कुणाचाही उतारा नसतो, म्हणून साम्याचा आकडाही कमी येतो. घाबरून अनेक संस्था यंत्राचं लेखन ओळखणारी यंत्रं घेत आहेत. इथे सावध राहायला हवं. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने स्वतःचं असं ओळखयंत्र पुरेसं अचूक नाही म्हणून जुलै २०२३ मध्ये मागे घेतलं. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अशी सात यंत्रं तपासली. इंग्रजी मातृभाषा नसलेल्या विद्यार्थ्यांनी टोफेलसाठी लिहिलेले ९१ निबंध त्यांना दिले, तेव्हा सरासरी ६१ टक्क्यांहून अधिक निबंध यंत्राने लिहिलेले ठरले. साधी वाक्यं, मोजका शब्दसंग्रह यांवर ही यंत्रं संशय घेतात. मराठी माध्यमातून येऊन कष्टाने इंग्रजी लिहिणाऱ्या मुलीवर हा आरोप येणं म्हणजे काय, याचा विचार करा. अशा आकड्यावर कुणालाही दोषी ठरवता कामा नये.

उपाय सोपा नाही, पण स्पष्ट आहे. कोणत्या कामात यंत्राची मदत चालेल आणि कोणत्या कामात चालणार नाही, हे प्रत्येक गृहपाठावर लिहून द्यावं. घेतलेली मदत विद्यार्थ्याने एका ओळीत नमूद करावी. आणि लिहिलेल्या कामावर पाच मिनिटांची तोंडी परीक्षा घ्यावी. ज्याने विचार केला आहे तो अडखळत का होईना, सांगू शकतो.

बाहेर काय केलं गेलं

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठात १८४० मध्ये एका विद्यार्थ्याने प्राध्यापक जॉन डेव्हिस यांच्यावर गोळी झाडली; त्यात त्यांचा मृत्यू झाला. त्यानंतर १८४२ मध्ये तिथे प्रतिज्ञेची पद्धत सुरू झाली : परीक्षेत मी मदत घेतली नाही, असं विद्यार्थी स्वतः लिहून देतो. प्रकरणं चालवणारी समिती विद्यार्थ्यांचीच. दीर्घकाळ तिथे दोषी ठरल्यास एकच शिक्षा होती, कायमची हकालपट्टी. २०२२ मध्ये विद्यार्थ्यांनीच मतदान करून ती सौम्य केली आणि २०२३ मध्ये पुन्हा मतदान करून चुकीप्रमाणे शिक्षा व सुधारण्याची संधी आणली. डोनाल्ड मॅककेब यांनी अमेरिकी महाविद्यालयांत वर्षानुवर्षं केलेल्या पाहण्यांतून दिसलं की जिथे अशी संहिता खरोखर पाळली जाते तिथे कॉपी कमी असते, आणि बरोबरीचे विद्यार्थी काय करतात याचा प्रभाव फार मोठा असतो.

हे आपल्याला परकं नाही. दरवर्षी महाराष्ट्रातून एम.एस.साठी जाणारी हजारो मुलं अशाच संहितेवर सही करतात. मित्राचा कोड घेऊन चलांची नावं बदलणं इथे 'मदत' मानलं जातं. तिथे १९९४ पासून वापरात असलेलं 'मॉस'सारखं साधन ते पकडतं आणि पहिल्याच सत्रात शिस्तभंगाची नोटीस येते. ही मुलं लबाड नसतात. काय चालतं आणि काय नाही, हे त्यांना इथे चार वर्षांत कुणी सांगितलेलं नसतं. तिथली प्रतिज्ञा इथे नुसती छापून आणून उपयोग नाही. हमीपत्रांत आणखी एकाची भर पडेल. घेण्यासारखे आहेत दोन विचार : विद्यार्थ्यांना निर्णयात स्थान आणि पहिल्या चुकीला सुधारण्याची वाट.

काय करता येईल

यातलं बरंचसं विधिमंडळाची वा आयोगाची वाट न पाहता महाविद्यालयाला स्वतःच्या पातळीवर करता येतं. स्वायत्त महाविद्यालयांची संख्या वाढते आहे, परीक्षा त्यांच्याच हाती आहेत, त्यामुळे सबबही उरलेली नाही.

शैक्षणिक प्रामाणिकपणाची दोन पानी संहिता मराठीत लिहावी, उदाहरणांसह. कॉपी, उसना मजकूर, विकतचा प्रकल्प, बनावट रीडिंग, प्रॉक्सी, यंत्राची मदत या प्रत्येकात काय चालतं आणि काय नाही, ते सांगावं. पहिल्या सत्रात चार तासिका उतारा घेणं, संदर्भ देणं आणि स्वतःच्या शब्दांत मांडणं यासाठी ठेवाव्यात. चुकलं तर त्या सत्रात शिक्षा नको, दुरुस्ती हवी. वीस प्रयोगांची यादी पुरी केल्याचं नाटक करण्यापेक्षा आठ प्रयोग खरेखुरे करावेत आणि चुकलेल्या उत्तराचं कारण शोधणाऱ्याला जास्त गुण द्यावेत. शिक्षा पायरीपायरीने असावी, प्रत्येक शिक्षेआधी सुनावणी व्हावी, अपिलाला जागा असावी आणि समितीत एक विद्यार्थी प्रतिनिधी बसावा. वर्षाच्या शेवटी किती प्रकरणं आली आणि त्यांचं काय झालं, हे नावं न देता फलकावर लावावं. शासनाने रिक्त पदं भरावीत, कारण दीडशे वह्या तपासणारा तासिका तत्त्वावरचा शिक्षक कुणाच्या प्रामाणिकपणाची राखण करू शकत नाही.

पालकांनीही निकालाच्या दिवशी 'किती पडले' याच्याबरोबर 'स्वतः काय केलंस' हे विचारावं. जर्नल दुसऱ्याकडून लिहून घ्यायला पैसे देणारा पालक त्या खोट्यात भागीदार असतो.

नियम कडक करा, ही मागणी आपल्याकडे दर परीक्षेला होते. कडक नियम १९८२ पासून आहेत. आता गरज आहे ती नियम दोन्ही बाजूंनी पाळण्याची. प्राचार्यांना आणि प्राध्यापकांना माझी विनंती एवढीच आहे : जो प्रयोग झालेला नाही त्यावर सही करू नका, जी हजेरी भरलेली नाही ती भरू नका, आणि ज्या मुलीने १०.२, १०.४, १०.३ असं लिहिलं तिला ते खोडायला सांगू नका. त्यानंतर विद्यार्थ्यांकडून प्रामाणिकपणा मागण्याचा पूर्ण अधिकार तुम्हाला आहे, आणि मुलं तो मानतील.